डिसेंबरात ३७ अंश: उकाड्यामुळे कोकण किनाऱ्यावर पाहुणे पक्षी कमी येतात का?

मुंबईतल्या सांताक्रूझ वेधशाळेत ४ डिसेंबर २०२४ रोजी ३७.३ अंश सेल्सिअस कमाल तापमान नोंदलं गेलं. त्याआधीच्या १६ वर्षांत डिसेंबरमध्ये मुंबई एवढी तापली नव्हती. त्यानंतर अवघ्या पाच दिवसांनी, ९ डिसेंबरच्या सकाळी, त्याच वेधशाळेत पारा १३.७ अंशांपर्यंत खाली आला. हा डिसेंबरमधला नऊ वर्षांतला नीचांक ठरला.

हिवाळ्याची सुरुवात अशी उकाड्यात गेली की सोशल मीडियावर एक तर्क हमखास फिरू लागतो. थंडी नाही म्हणून फ्लेमिंगो आले नाहीत, सीगल कमी दिसतात, पाहुणे पक्षी वाटेतूनच परत फिरले. सोबत रिकाम्या किनाऱ्याचा एखादा फोटो किंवा रील असतं. तर्क ऐकायला सरळ वाटतो. पक्षी हिवाळी पाहुणे आहेत, हिवाळाच आला नाही, मग पाहुणे तरी कसे येणार?

पण किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचं वेळापत्रक कोकणातल्या थंडीवर ठरत नाही. ते कशावर ठरतं, उकाड्याचा त्यात नेमका वाटा किती आणि सगळा दोष हवामानावर टाकला की कोणता प्रश्न नजरेआड होतो, ते समजून घेऊया.

डिसेंबरमध्ये इतका उकाडा कशामुळे?

कोकण किनाऱ्यावर दिवसाचं तापमान बऱ्याच अंशी वाऱ्याच्या दिशेवर अवलंबून असतं. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो. दुपारच्या सुमारास तो उलटतो आणि समुद्रावरून गार वारा आत येतो. हा समुद्री वारा वेळेवर आला तर पारा ३२-३३ अंशांच्या आसपास थांबतो. पूर्वेकडचे वारे जोरात असतील तर समुद्री वारा उशिरा येतो आणि तोवर शहर तापत राहतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हेच झालं. बंगालच्या उपसागरातलं 'फेंगल' चक्रीवादळ ३० नोव्हेंबरला पुद्दुचेरीजवळ किनाऱ्यावर आदळलं. त्याचे अवशेष दक्षिण भारत ओलांडून अरबी समुद्राच्या दिशेने सरकले. त्यामुळे वाऱ्यांची घडी विस्कटली, पूर्वेकडून उबदार हवा येत राहिली, उत्तरेची थंड हवा अडली. ही यंत्रणा विरली, उत्तरेचे वारे पुन्हा सुरू झाले आणि पारा घसरला.

म्हणजे हा उकाडा काही दिवसांचा होता. पण तो एका उबदार मोसमाच्या शेवटी आला, हेही लक्षात घ्यायला हवं. भारतीय हवामान विभागाच्या नोंदींनुसार देशाच्या सरासरी तापमानाचा विचार करता २०२४ चा ऑक्टोबर १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण ऑक्टोबर होता.

पक्षी थंडीची वाट पाहतात का?

आपल्या किनाऱ्यावरच्या बहुतेक स्थलांतरित पक्ष्यांच्या बाबतीत याचं उत्तर 'नाही' असं आहे. त्याचा पुरावा दिनदर्शिकेतच मिळतो.

ओहोटीच्या चिखलात टुणटुण धावणारे छोटे चिखले, म्हणजे सँड प्लोव्हर, हिमालयापलीकडच्या आणि तिबेटच्या उंच पठारांवर घरटी करतात. त्यांचे पहिले थवे ऑगस्टमध्येच कोकणात पोहोचतात. तेव्हा इथे पाऊस कोसळत असतो, कोळ्यांनी नुकतीच नारळी पौर्णिमा साजरी केलेली असते किंवा करायची असते. सप्टेंबरमध्ये तुतवार आणि पाणटिवळे येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कुरव, म्हणजे आपण ज्यांना सरसकट सीगल म्हणतो ते, खाड्यांवर आणि लाँचच्या मागे दिसू लागतात. बदकं साधारण त्याच सुमारास किंवा थोडी नंतर येतात.

याचा अर्थ, डिसेंबरमध्ये लोक स्वेटर बाहेर काढतात तोवर यातले बरेचसे पक्षी इथे येऊन दोन-तीन महिने झालेले असतात. ऑक्टोबर हीटही त्यांनी इथेच काढलेली असते.

मग ते निघतात कधी, हे कोण ठरवतं? मुख्य संकेत दिवसाच्या लांबीचा. उत्तरेत उन्हाळा सरू लागला, दिवस लहान होऊ लागला की पक्ष्यांच्या शरीरातली संप्रेरकं बदलतात. ते भरपूर खातात, चरबी साठवतात, बेचैन होतात. हे घड्याळ दरवर्षी जवळपास सारखंच चालतं. त्यावर स्थानिक परिस्थितीचा थर चढतो: अन्न किती उरलंय, पाठीमागून वारा मिळतोय का, वाटेतलं पाणी गोठलंय का. निघायचा निर्णय होतो तेव्हा पक्षी हजारो किलोमीटर दूर असतो. अलिबागला गारवा पडलाय की नाही, हे त्याला कळण्याचा मार्गच नसतो.

उलट बाजूनेही हेच दिसतं. चिखले आणि तुतवारांमधले अनेक एक वर्षाचे पक्षी पहिल्या वसंतात परत जातच नाहीत, एप्रिल-मेचा कडक उन्हाळा आपल्याच किनाऱ्यावर काढतात. आणि मुंबई-नवी मुंबईत फ्लेमिंगोंची गर्दी वाढते ती उन्हाळ्याकडे जाताना, मार्च ते मे या काळात. ३७ अंशांना पक्षी पळून जात असते, तर उन्हाळ्यात ठाण्याच्या खाडीत गुलाबी पट्टा दिसलाच नसता.

मग फ्लेमिंगो कधी कधी उशिरा का येतात?

फ्लेमिंगोंबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे ते सायबेरियातून येतात. मुंबईत प्रामुख्याने लेसर फ्लेमिंगो आणि काही प्रमाणात ग्रेटर फ्लेमिंगो दिसतात. भारतातल्या त्यांच्या विणीच्या प्रमुख जागा गुजरातमध्ये, कच्छच्या रणाच्या परिसरात आहेत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी म्हणजेच बीएनएचएसने २०२२ मध्ये ठाणे खाडीतल्या काही फ्लेमिंगोंना उपग्रह टॅग लावले, तेव्हाही त्यांचा गुजरातपर्यंतचा प्रवास नोंदला गेला.

त्यामुळे फ्लेमिंगो मुंबईत कधी येणार हे कच्छ-सौराष्ट्रातल्या पाण्यावर बरंच अवलंबून असतं. तिकडे पाऊस लांबला, रणात आणि मिठागरांत पाणी टिकून राहिलं, खायला शेवाळ मिळत राहिलं, तर निघायची घाई कशाला? पाणी आटू लागलं की थवे दक्षिणेकडे सरकतात. मराठीत फ्लेमिंगोला रोहित किंवा अग्निपंख म्हणतात. या पक्ष्याला हवामानाची फिकीर नाही असं नाही. पण त्याच्यासाठी महत्त्वाचा असतो तो पाऊस, आणि तोही मुंबईतला नव्हे.

इकडे आल्यावर त्यांना ठाणे खाडीत काय मिळतं? उथळ पाणी, चिखल आणि त्यावर वाढणारं निळं-हिरवं शेवाळ. शहराच्या सांडपाण्यातून येणाऱ्या पोषकद्रव्यांवर हे शेवाळ फोफावतं. फ्लेमिंगोंची मोठी संख्या म्हणजे खाडी स्वच्छ असल्याचं प्रमाणपत्र, असं समजणंही त्यामुळे चुकीचं आहे.

पण मग उकाड्यात पक्षी कमी का दिसतात?

'पक्षी कमी आहेत' आणि 'पक्षी कमी दिसले' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गरम दिवसात दुसरी गोष्ट घडण्याची शक्यता खूप असते.

पहिलं कारण म्हणजे हवेतली थरथर. ऊन वर आलं की तापलेल्या चिखलावरची हवा लहरू लागते. दुर्बिणीतून किंवा स्पॉटिंग स्कोपमधून २०० मीटरवरचा तुतवार पाण्यातल्या प्रतिबिंबासारखा हलताना दिसतो. त्याच्या पायांचा रंग, चोचीची लांबी, काहीच नीट कळत नाही. थंड सकाळी दहापर्यंत चालणारं निरीक्षण उकाड्यात साडेआठलाच आटोपतं. यादी छोटी होते, पण चिखलातल्या पक्ष्यांची संख्या तीच असते.

दुसरं, पक्षीही आपली वागणूक बदलतात. त्यांना घाम येत नाही. जास्तीची उष्णता ते चोच उघडी ठेवून, धापा टाकून आणि उघड्या पायांवाटे बाहेर टाकतात. भर उन्हात बरेच पक्षी खाणं थांबवतात, पाण्यात पाय बुडवून किंवा कांदळवनाच्या कडेला स्वस्थ उभे राहतात. हालचाल नसली की नवख्या नजरेला ते दिसतच नाहीत.

तिसरं आणि सर्वांत महत्त्वाचं कारण म्हणजे भरती-ओहोटी. किनाऱ्यावरचे पक्षी घड्याळावर नाही, पाण्यावर जगतात. ओहोटीला चिखल उघडा पडला की ते खायला दूरवर पांगतात. भरतीला चिखल बुडाला की एकत्र येऊन उंच जागी, मिठागरांत किंवा खाडीकाठच्या तलावांत विसावतात. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. आठवड्याभरात हा फरक जवळपास सहा तासांचा होतो. म्हणजे एका रविवारी सकाळी आठला जिथे चिखल उघडा होता, तिथे पुढच्या रविवारी आठला पाण्याची स्थिती पूर्ण वेगळी असते.

डिसेंबर २०२४ चंच उदाहरण घेऊ. १ डिसेंबरच्या रविवारी अमावस्या होती, म्हणजे उधाणाचे दिवस. पाणी खूप चढतं आणि सुकतीला खूप दूर जातं. ८ डिसेंबरच्या रविवारी अष्टमी लागली. कोळी ज्याला 'भांग' म्हणतात ते दिवस, चढ-उतार कमी. त्यामुळे सुकतीलाही चिखल कमी उघडा पडतो. या दोन रविवारांच्या मधल्या बुधवारी ३७.३ अंशांची नोंद झाली. दोन्ही रविवारी एकाच वेळी, एकाच जागी गेलेल्या माणसाला पक्ष्यांच्या संख्येत फरक दिसला, तर तो त्याचं खापर सहज उकाड्यावर फोडेल. खरा फरक चंद्राने घडवलेला असू शकतो.

म्हणजे तापमानवाढीचा काहीच परिणाम नाही?

परिणाम आहे आणि तो गंभीर आहे. फक्त तो 'आज उकडतंय म्हणून आज पक्षी नाहीत' इतका थेट नाही.

एक परिणाम उत्तरेत घडतो. युरोपात गेल्या काही दशकांत हिवाळे सौम्य झाले, तशा बदकांच्या आणि पाणथळीतल्या पक्ष्यांच्या काही जाती विणीच्या जागेजवळच हिवाळा काढू लागल्या. तलाव गोठत नसेल तर पुढचा प्रवास कशाला करायचा? शास्त्रज्ञ याला 'शॉर्ट-स्टॉपिंग' म्हणतात. बदकांसारखे जे पक्षी पाणी गोठल्यावर पुढे सरकतात, त्यांच्या बाबतीत मध्य आशियातलं तापमान आपल्याकडच्या तापमानापेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे.

दुसरा परिणाम पक्ष्याच्या शरीरावरच दिसतो. रेड नॉट हा तुतवार कुळातला पक्षी रशियाच्या उत्तरेला तैमीर भागात वाढतो आणि पश्चिम आफ्रिकेत मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर हिवाळा काढतो. २०१६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार, आर्क्टिकमध्ये बर्फ लवकर वितळल्याने पिल्लांना मोक्याच्या वेळी पुरेसे कीटक मिळत नाहीत. अशा वर्षांत पिल्लं लहानखुरी राहतात, त्यांच्या चोचीही आखूड राहतात. हजारो किलोमीटर दूर आफ्रिकेत पोहोचल्यावर वाळूत खोलवर असलेल्या शिंपल्यांपर्यंत त्यांची चोच पोहोचत नाही आणि त्यांची जगण्याची शक्यता घटते. ऊब एका खंडात वाढते, पक्षी दुसऱ्या खंडात मरतो.

तिसरा धोका परतीच्या प्रवासाआधीचा आहे. मार्च-एप्रिलमध्ये उत्तरेकडे निघण्यापूर्वी हे पक्षी भरपूर खाऊन वजन वाढवतात. वायव्य ऑस्ट्रेलियातल्या रोबक बे इथल्या ग्रेट नॉट पक्ष्यांवरच्या अभ्यासात असं दिसलं, की या काळात उष्ण हवेत त्यांना शरीराची उष्णता बाहेर टाकणं जड जातं. धापा टाकणं, पाठीवरची पिसं उभारणं अशी लक्षणं दिसतात. उष्णतेने खाण्याचा वेळ घटला, तर प्रवासाचं इंधन अपुरं राहू शकतं. कोकणात म्हणूनच डिसेंबरच्या एका तापलेल्या दिवसापेक्षा मार्चमधली लांबलेली उष्णतेची लाट जास्त काळजीची ठरू शकते.

किनाऱ्यावर नेमकं काय बदलतंय?

दूरवरून आलेल्या पक्ष्याला इथे दोनच गोष्टी हव्या असतात: ओहोटीला उघडा पडणारा, किड्यांनी आणि शिंपल्यांनी भरलेला चिखल आणि भरतीच्या तासांत निवांत बसायला जागा. आपल्याकडच्या हवामानापेक्षा या दोन गोष्टी पक्ष्यांना इथे टिकवून ठेवतात. मुंबई महानगराच्या किनाऱ्यावर नेमकी त्यांचीच टंचाई होते आहे.

ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. नांदूर मधमेश्वर आणि लोणारनंतरचं हे राज्यातलं तिसरं रामसर स्थळ. पण पक्षी भरतीला जिथे बसायला जातात, ते नेरूळ-सीवूड्सचे तलाव आणि उरणच्या पाणजेसारखी पाणथळ मैदानं अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. पक्ष्यासाठी खाडी आणि तलाव हे एकाच घराचं स्वयंपाकघर आणि झोपायची खोली. २०२४ मध्ये कागदावर मात्र एकाला संरक्षण होतं, दुसऱ्यावर आराखड्यांची नजर होती.

याचे परिणाम २०२४ मध्ये दिसले. एप्रिल २०२४ मध्ये नेरूळच्या डीपीएस तलावाच्या परिसरात काही फ्लेमिंगो मृत आणि जखमी अवस्थेत सापडले. तलावात येणारं भरतीचं पाणी अडल्याने तो आटला आणि पक्षी भरकटले, असं पर्यावरण कार्यकर्त्यांचं म्हणणं होतं. त्यानंतर २० मे रोजी रात्री घाटकोपरजवळ विमानाची धडक बसून तीसहून अधिक फ्लेमिंगो मेले. या दुर्घटनेनंतर पक्ष्यांच्या विश्रांतीच्या जागा आणि त्यांचे उडण्याचे मार्ग यावर पुन्हा चर्चा सुरू झाली.

शिवडी ते न्हावा-शेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. तो शिवडीच्या ज्या चिखलाजवळून जातो, तो अनेक वर्षं फ्लेमिंगो पाहण्याची मुंबईतली सर्वांत प्रसिद्ध जागा होता. अशा प्रकल्पांचा परिणाम एका मोसमात मोजता येत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात.

म्हणूनच 'थंडी नाही, म्हणून पक्षी नाहीत' हे वाक्य निरुपद्रवी नाही. एखाद्या तलावाचा भरतीचा नाला बुजवला गेला आणि पक्षी यायचे थांबले, तर 'यंदा हवामानच तसं आहे' हे उत्तर सगळ्यांनाच सोयीचं पडतं. हवामानाला नोटीस बजावता येत नाही. नाला मोकळा करता येतो.

यात सरकारची आणि कायद्याची भूमिका काय?

कायदा कमकुवत नाही. कांदळवनं तोडण्यावर मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात कठोर बंधनं घातली आणि त्यांभोवती ५० मीटरचा संरक्षित पट्टा ठेवण्यास सांगितलं. अडचण अशी, की उघडा चिखल आणि उथळ तलाव यांना कांदळवनासारखी ओळख नाही. झाड तोडलं की दिसतं, पाणी अडवलं की महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

भारत ज्या मध्य आशियाई उड्डाणमार्गावर येतो, तो सुमारे ३० देशांतून जातो. फेब्रुवारी २०२४ मध्ये समरकंदला झालेल्या स्थलांतरित प्रजातींच्या परिषदेत या मार्गासाठीच्या संयुक्त उपक्रमाला मान्यता मिळाली आणि त्याच्या समन्वयाची जबाबदारी भारताकडे आली. इतर देशांना त्यांच्या पाणथळी जपायला सांगताना आपल्या खाडीकाठच्या तलावांचं काय, हा प्रश्न यापुढे टाळता येणार नाही.

हौशी पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींचा उपयोग काय?

तो खूप मोठा आहे. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स २०२३' हा अहवाल सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांनी ईबर्डवर केलेल्या नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ जातींचा आढावा घेतला आहे आणि १७८ जाती उच्च प्राधान्याच्या चिंतेच्या गटात आहेत. लांबून येणारे किनारपक्षी आणि बदकं घटत असल्याचा इशाराही त्यात आहे.

मात्र रिकाम्या किनाऱ्याची रील ही नोंद होत नाही. नोंद व्हायला चार गोष्टी लागतात: जागा, तारीख आणि वेळ, भरती-ओहोटीची स्थिती आणि मोजलेली संख्या. पक्षी दिसले नाहीत तर 'शून्य' लिहिणंही तितकंच मोलाचं. उकाडा असेल तर तेही लिहावं. त्याच जागी, भरतीच्या त्याच टप्प्यावर, वर्षानुवर्षं केलेल्या नोंदींतूनच उष्ण डिसेंबर आणि बुजलेला नाला यांच्या परिणामांतला फरक ओळखता येतो.

किनाऱ्यावर जाणाऱ्यांसाठी व्यवहाराच्या काही गोष्टी:

- निघण्याआधी भरतीची वेळ पाहावी. भरतीच्या आधीचे आणि नंतरचे दोन तास सर्वांत चांगले. पाणी पक्ष्यांना काठाजवळ आणतं.
- ऊन तापण्याआधी पोहोचावं आणि सूर्य पाठीशी ठेवावा.
- विसावलेला थवा फोटोसाठी उडवू नये. ड्रोन तर अजिबात नको. प्रत्येक उड्डाणात साठवलेली चरबी खर्च होते.
- गेटवेहून एलिफंटा किंवा मांडव्याला जाताना कुरवांना गाठ्या, शेव, चिप्स टाकू नयेत. तळलेले, खारट पदार्थ त्यांचं अन्न नाही.

आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दरवर्षी जानेवारीत होते. त्यात कुणालाही भाग घेता येतो. त्या सकाळी कोकणात गारठा असेल किंवा पंखा लावावा लागेल. किनाऱ्यावर कमी पक्षी भरले, तर हवेइतकंच आणखी एक तपासून पाहावं: गेल्या वर्षी जिथे भरतीचं पाणी पोहोचत होतं, तिथे ते अजून पोहोचतंय का?